पाहुणे यायच्या आधी

श्रावण लागला की बंगळूरमधल्या मराठी घरांतले फोन वाजू लागतात. "यंदा गणपतीला तुमच्याकडेच यावं म्हणतोय," असे पलीकडून कुणीतरी म्हणते. कुणाचा सातारचा भाऊ असतो, कुणाची डोंबिवलीची मेहुणी, कुणाचे बार्शीचे मामा. आपण तोंडभरून "या, या, नक्की या" म्हणतो, फोन ठेवतो आणि लगेच घरभर नजर फिरवतो. हॉलच्या भिंतीला पोपडे आलेले असतात. बाथरूमचा नळ गेले सहा महिने टपकत असतो. ज्या खोलीत पाहुण्यांना झोपवायचे तिथला पंखा कुरकुरत असतो. मग पेंटर शोधण्याची धावपळ सुरू होते.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कुणी ना कुणी इतिहासावर लिहिते. गडकोटांवर लिहून झाले, पेशवाईवर झाले, शहाजीराजांच्या बंगळूरवर तर दोन-तीनदा झाले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. येथील एका सरकारी कारखान्याच्या देखभाल विभागात माझी चौतीस वर्षे गेली. मंडळातील निम्मे सभासद माझे जुने सहकारीच आहेत, त्यांना मी निराळे सांगायला नको. तेव्हा मला जमेल असाच विषय घेतला आहे. पाहुणे यायच्या आधी आपली माणसे घराचे काय काय करीत, का करीत, आणि त्यातले आपल्याकडे काय उरले, याचा हा छोटासा इतिहास. हा विषय निवडण्यामागे माझे स्वतःचे एक कारण आहे, तेही ओघात येईल.

वैशाखातले घर

माझे लहानपण सातारा जिल्ह्यात गेले. आमच्या घराला पुढे कौले आणि मागे धाबे होते. वैशाखात परीक्षा संपल्या की घरात एकच गडबड. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहायचे आणि पुन्हा ओळीने बसवायची. याला आम्ही घर शाकारणे म्हणत असू. धाब्यावर पांढरी माती पसरून, पाणी मारून ती दाबली जाई. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागते, त्याच्या आत हे उरकलेच पाहिजे, असा आजोबांचा दंडक होता. कोकणातले नातेवाईकही हेच करीत. फक्त तिथला पाऊस दांडगा, म्हणून त्यांची घाई आमच्यापेक्षा जास्त.

मग श्रावणात आतले घर. भिंतींचे पोपडे काढून गिलावा, उखणलेल्या जमिनीचे खड्डे बुजवून लाकडी चोपण्याने चोपणे आणि वर शेणाचे सारवण. आई आणि आजी गुडघ्यांवर बसून हाताने सारवीत. त्यावेळी आम्हाला ते कष्टाचे, गलिच्छ काम वाटे. पुढे कारखान्यात आल्यावर त्याचा अर्थ कळला. जपान्यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेकडून 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' उचलले. यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करण्याऐवजी बिघडण्यापूर्वीच ठरावीक वेळी तपासायचे, ही ती पद्धत. १९७१ च्या सुमारास निप्पॉनडेन्सो या कंपनीने ती एक पाऊल पुढे नेली. यंत्राची रोजची देखभाल दुरुस्ती खात्याकडे न सोपवता ते चालवणाऱ्या कामगाराने स्वतः करायची. त्यातले पहिले सूत्र असे, की यंत्र पुसणे म्हणजेच यंत्र तपासणे. ज्याचा हात रोज यंत्रावरून फिरतो त्याला सैल झालेला बोल्ट आणि झिरपणारे तेल सर्वांत आधी समजते.

प्रशिक्षण वर्गात हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आईचा हात आला. सारवताना घराच्या जमिनीचा प्रत्येक वीतभर तुकडा तिच्या हाताखालून जाई. कुठे मुंग्यांनी वारूळ केले, कुठे घुशीने पोखरले, कुठे भिंतीच्या मुळाशी ओल आली, हे तिला इतरांच्या आधी कळे.

आणि तपासणीची शेवटची फेरी म्हणजे गौरी. आपल्याकडे गौरी आल्या की त्यांना उंबऱ्यावरून थेट मखरात नेत नाहीत. पावले काढत काढत घरभर फिरवतात. स्वयंपाकघर, कोठीची खोली, देवघर, दुधदुभते, पूर्वी गोठासुद्धा. माहेरवाशिणीला घराची भरभराट दाखवायची, हा त्यामागचा भाव. पण त्यामुळे एक गोष्ट आपोआप घडे. घराचा कुठलाही कोपरा झाकून ठेवता येत नसे. ज्या खोलीत गौर जाणार ती खोली साफच असली पाहिजे. कर्नाटकातली गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला येते, आपली नंतर येते. म्हणजे बंगळूरमध्ये राहणाऱ्याला तपासणीच्या दोन तारखा मिळाल्या, असे मी गमतीने म्हणतो.

छावणीतला उंदीर

ही दृष्टी फक्त बायाबापड्यांची होती असे नाही. शिवाजी महाराजांचे, राज्याभिषेकाच्या सुमाराचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ घोडदळाची पावसाळी छावणी होती, तेथील जुमलेदारांना ते लिहिले आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयासाठी ते नेहमी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण देखभाल खात्यातल्या माणसाने ते एकदा मुद्दाम वाचावे. पावसाळा तोंडावर आहे, दाणागोटा आणि वैरण मोजून ठेवली आहे. आताच उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, हा पहिला इशारा. दुसरा इशारा आगीचा. कुणी वारा न पाहता चूल पेटवील, कुणी वैरणीजवळ तंबाखू ओढील, एका खोपीला आग लागली की सगळ्या खोपी जातील. आणि तिसरा इशारा तर वाचून थक्क व्हायला होते. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताला आग लागेल, म्हणून दिवे राहू देऊ नका. नंतर कुणाला कितीही शिक्षा केली तरी गेलेले घोडे परत येणार नाहीत, हेही त्यात बजावले आहे.

एवढ्या मोठ्या राज्याची उभारणी चालू असताना हा पुरुष उंदराने वात नेण्याचा विचार करतो. आमच्या खात्यात यालाच बिघाडाची शक्यता आधी ओळखणे म्हणत आणि त्याचे तक्ते भरून घेत. महाराजांनी तेच एका पत्रात केले.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्यात गडांच्या बंदोबस्ताबरोबर घरांविषयीही बारीक सूचना आहेत. गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो जाळून त्याची राख परसात टाकून भाजीपाला करावा. तटावर उगवलेली झाडेझुडपे वेळच्या वेळी काढावीत, कारण त्यांची मुळे चिरे उखडतात. झरा असला तरी पाण्याची टाकी वेगळी बांधावीत, सगळी भिस्त एका पाण्यावर ठेवू नये. राजाचे घर असेल तिथे जमीन अशी पक्की करावी की उंदीर, विंचू, किडामुंगीला जागाच राहू नये. सिंहगड-रायगडाच्या भिंतींवरचे पिंपळ आठवले की पंतांची दृष्टी किती व्यवहारी होती ते पटते.

चुना आणि प्लेग

घराला चुना देणे ही आपली दिवाळीची जुनी रीत. आज त्याची जागा रंगाने घेतली, पण चुना हा केवळ रंग नव्हे. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवली की जो चुना होतो तो चांगलाच दाहक असतो. भिंतीवरची बुरशी, किडे, जंतू त्यात टिकत नाहीत. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि बारीक भेगा भरून काढतो. शिवाय चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते. म्हणजे चार महिन्यांच्या पावसानंतर भिंतीला द्यायचा तो उपचारच होता.

या साध्या चुन्याचा एक कडू इतिहासही आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचे निदान झाले, १८९७ मध्ये पुण्यात तो भडकला. सरकारी पथके घराघरांत शिरली. सामान बाहेर काढले, जमिनी उकरल्या, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली, भिंतींना चुना फासला. जे काम घरची माणसे दरवर्षी प्रेमाने करीत होती, तेच परक्या सोजिराने बुटांसकट देवघरात शिरून केले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग बंगळूरला आला. पेठ भागात दाटीवाटीची घरे, त्यांत हवा नाही, उजेड नाही. हजारो माणसे गेली. येथल्या जुन्या वस्त्यांत प्लेगअम्माची देवळे आजही दिसतात, ती त्या भीतीची आठवण. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहतींना याच प्लेगनंतर खरी गती आली. रुंद सरळ रस्ते, सुटी घरे, घरामागून जाणाऱ्या सफाईच्या गल्ल्या. त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे. शास्त्रज्ञांना ते पटायला आणखी काही वर्षे गेली. छावणीत वात नेणारा उंदीर इथे निराळ्या रूपात पुन्हा भेटतो. घुशीचे बीळ वेळेवर बुजवणाऱ्या आजीला पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण तिचे काम बरोबर होते.

मल्लेश्वरमची अज्जी

१९७९ मध्ये नोकरीसाठी मी बंगळूरला आलो, तेव्हा याच मल्लेश्वरममध्ये एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. पुढे मंगळुरी कौलांचा व्हरांडा, आत लाकडी तुळयांवर विटा आणि चुना घालून केलेली सपाट गच्ची, जिला इथे मद्रास टेरेस म्हणतात, आणि पायाखाली तांबडी, आरशासारखी रेड ऑक्साइडची जमीन. ही मंगळुरी कौले बासेल मिशनच्या जर्मन कारागिरांची देणगी. जॉर्ज प्लेब्स्ट याने १८६५ मध्ये मंगळूरला त्यांचा कारखाना काढला. आपल्या गावठी नळीच्या कौलांपेक्षा ही एकमेकांत अडकणारी, म्हणून वाऱ्याने आणि माकडांनी कमी हलणारी. मुंबई-कोकणापासून बंगळूरपर्यंत ती सगळीकडे गेली.

घरमालकीण अज्जी सत्तरीच्या पुढच्या. त्यांना मराठी येत नव्हते, मला कानडी येत नव्हते. आमचे सूत जुळले ते घराच्या कामामुळे. पहिल्याच वर्षी भाऊ-वहिनी येणार म्हणून मे महिन्यात मी खोलीला चुना द्यायला काढला. आमच्या वैशाखाच्या सवयीप्रमाणे. अज्जी दारात येऊन म्हणाल्या, "मळे बर्त्ते. मेले होगि नोडप्पा." पाऊस येतोय, आधी वर जाऊन बघ बाबा. मला वाटले, मे महिन्यात कसला पाऊस? त्याच संध्याकाळी वळवाने असे झोडपले की ओला चुना ओघळून जमिनीवर आला. ती तांबडी जमीन पुसताना अज्जींची सून काय म्हणाली ते मला कळले नाही, हे बरेच झाले.

अज्जींचे वेळापत्रक वेगळे होते. संक्रांत झाली की गच्चीवर माणसे चढत. भेगा चुन्याने भरायच्या, पन्हळी साफ करायच्या, कौले पाहायची. उगादीच्या आत सगळे संपलेले. पुढचे काही महिने आठवड्यातून एकदा त्या स्वतः जिना चढून गच्चीवरची पाने गोळा करीत. गौरी हब्बाच्या आधी गच्ची पुन्हा पाहिली जाई. मगच घरात तोरण लागे.

मला हे वेळापत्रक समजायला वेळ लागला. आपल्या साताऱ्या-पुण्याकडे जुलैत पाऊस सर्वांत जास्त. गणपतीपर्यंत तो ओसरायला लागतो आणि दिवाळीला आकाश मोकळे. म्हणून वैशाखात छप्पर आणि आश्विनात रंग, हे पंचांग तिथे अगदी चोख बसते. बंगळूरचे तसे नाही. इथे एप्रिल-मेमध्येच वळवाच्या सरी येतात. वर्षातला सर्वांत ओला महिना सप्टेंबर, म्हणजे बहुधा ऐन गणपतीचा. त्यानंतर ऑक्टोबरात परतीचा आणि ईशान्येचा पाऊस, म्हणजे दिवाळीतही खात्री नाही. आपण गावाहून सण आणले, पाककृती आणल्या, गौरींचे मुखवटे आणले. त्यांच्यासोबत घर दुरुस्तीचे पंचांगही आणले आणि ते इथे लागू पडत नाही हे बघितलेच नाही. आणखी एक. आपली घरे बदलली. कौलांच्या जागी काँक्रीटचा स्लॅब आला, सारवणाच्या जागी फरशी, चुन्याच्या जागी डिस्टेंपर. फरशी सारवावी लागत नाही, म्हणून कुणाचा हात जमिनीवरून फिरत नाही. स्लॅब शाकारावा लागत नाही, म्हणून कुणी वर जात नाही. सणाआधीच्या कामातला तपासण्याचा भाग गळाला आणि सजवण्याचा तेवढा राहिला.

१९९७ चा गणपती

आता ते कारण सांगतो.

१९८६ मध्ये आम्ही विजयनगर भागात स्वतःच्या घरात राहायला गेलो. १९९७ च्या गणपतीला आई आणि मावशी मिरजेहून रात्रीच्या गाडीने येणार होत्या. आई त्यावेळी अडुसष्टची. बोनस हातात होता. मी हॉलला नवा गुलाबी डिस्टेंपर दिला, पडदे बदलले, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे सुंदर मखर केले आणि त्यावर दिव्यांच्या माळा सोडल्या. कारखान्यात त्यावेळी माझ्याकडे एकशे बारा यंत्रे होती. प्रत्येकाचे कार्ड, प्रत्येकाची तारीख, प्रत्येक तपासणीवर माझी सही. घराचे कार्ड नव्हते. गच्चीवर मी मार्चनंतर गेलो नव्हतो.

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला तो थांबेना. शेजारच्या झाडाची पाने आणि आमच्याच कुंड्यांतली माती गच्चीवरच्या पाइपच्या तोंडाशी साचली होती. पाणी तुंबले, स्लॅबच्या भेगेतून उतरले आणि नव्या गुलाबी रंगाच्या आतून, कुणाला न दिसता, मखराच्या मागे झिरपू लागले. तिथे माळांचा एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवलेला होता. संध्याकाळच्या आरतीची तयारी करायला आई ओल्या हाताने पुढे झाली. निरांजन ठेवताना तिचा हात मखराच्या पट्टीला लागला.

ती मागे फेकली गेली. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. नंतर पाहिले तर घराची अर्थिंगची तार खड्ड्याजवळ गंजून तुटलेली होती. किती वर्षांपूर्वी तुटली कोण जाणे. गळतीच्या विजेला तोडणारा ईएलसीबी त्या काळी बाजारात मिळत होता. कारखान्यात मीच तो कितीतरी ठिकाणी बसवून घेतला होता. घरी नव्हता.

जिवावरचे खुब्यावर गेले. हाड मोडले, ऑपरेशन झाले, सळई घातली. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर आईने मला जवळ बोलावले. मला वाटले पाणी हवे असेल. ती हळूच म्हणाली, "सातारला दादाला करंटचं सांगू नकोस. पाय घसरला म्हण." मावशी स्वयंपाकघरात होती, तिलाही तेच सांगितले गेले. आई पुढे पाच वर्षे होती, काठी घेऊन चालत होती, पण पुन्हा बंगळूरचा प्रवास तिला झाला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती "फरशीवर घसरले" असेच सांगे. आता ती नाही, दादाही नाही, मावशीही नाही. देखभाल खात्यातल्या मुलाची लाज तिने राखली. ती गोष्ट मी आज इथे लिहून मोकळा होतो आहे.

बंगळूरचे पंचांग

५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. १९०२ पासून शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती, तीच इथे आणली. आज घराघरांत ती आहे आणि तिच्याबरोबर नवी जबाबदारीही आहे. उंदीर आता वात नेत नाही, वायर कुरतडतो. महाराजांचे पत्र तेवढ्यासाठी अजूनही जुने झालेले नाही.

पाण्याचे तसेच. पूर्वी हे तळ्या-विहिरींचे शहर. आजचे मॅजेस्टिकचे बसस्थानक म्हणजे एकेकाळचा धर्मांबुधी तलाव. १८९६ मध्ये हेसरघट्टाचे नळाचे पाणी आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे, आणि १९७४ मध्ये सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीचे. तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात आपण टँकरच्या मागे धावलोच. चार पाहुणे आले की दिवसाचे पाणी दुप्पट लागते. तेव्हा पाहुण्यांच्या स्वागताची पहिली तयारी पाण्याच्या संपपाशी सुरू होते. २००९ पासून या शहरात ठरावीक आकारापुढच्या घरांना पावसाचे पाणी साठवणे किंवा मुरवणे सक्तीचे झाले. म्हणजे गच्ची साफ असेल तर गळतीही टळते आणि पाणीही मिळते. पंतांनी वेगळी टाकी बांधायला सांगितली होती, त्याचीच ही आवृत्ती.

त्या अपघातानंतर मी घराचे कार्ड तयार केले. अज्जींचेच पंचांग, थोडी विजेची भर घालून. आज ते तुमच्यापुढे ठेवतो.

संक्रांत ते शिवरात्र, म्हणजे कोरडे दिवस. गच्चीच्या भेगा, वॉटरप्रूफिंग, छज्जे आणि बाहेरचा रंग याच काळात. भिंत आतून कोरडी असतानाच रंग टिकतो. ओलीवर दिलेला रंग फक्त ओल लपवतो.

उगादी-पाडव्याच्या आत पन्हळी आणि पाइपची तोंडे मोकळी करून जाळी बसवावी. एखादी बादली ओतून पाणी खाली येते का ते डोळ्यांनी पाहावे.

आषाढात संप आणि वरची टाकी धुवावी. बोअरचे पाणी जड असेल तर गीझरच्या कॉइलवर थर बसतो, तो काढून घ्यावा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पाहून घ्यावा. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावे. "ठीक आहे सार" एवढ्यावर त्याला सोडू नये, मीटर लावून दाखवायला सांगावे.

श्रावणात ईएलसीबीचे टेस्टचे बटण दाबून पाहावे. खरे तर ते दर महिन्याला दाबायचे असते. सणाचे एक्स्टेन्शन बोर्ड आणि माळा उघडून तपासाव्यात, सोललेली वायर असेल ती फेकून द्यावी, चिकटपट्टी लावू नये. बोर्ड जमिनीवर ठेवू नये. मखर लाकडाचे किंवा पुठ्ठ्याचे असले तर उत्तम. गॅसच्या नळीवर वर्ष छापलेले असते, पाच वर्षे झाली असतील तर ती बदलावी.

पाहुणे यायच्या आठ दिवस आधी त्यांच्या खोलीत आपण स्वतः एक रात्र झोपावे. हे मला पत्नीने शिकवले. पंख्याचा आवाज, डास कुठून येतात, रात्री बाथरूमचा दिवा अंधारात सापडतो की नाही, हे सगळे त्या एका रात्रीत कळते. म्हातारे माणूस येणार असेल तर बाथरूममध्ये धरायला दांडी आणि खाली न घसरणारे पायपुसणे हवेच.

हे सर्व झाल्यावर वेळ आणि पैसे उरले तर रंग द्यावा. नाही उरले तर पोपडे आलेल्या भिंतीपुढे एक चांगला पडदा लावावा. कुणी पाहुणा रंग पाहून परत गेल्याचे मी ऐकलेले नाही.

आमच्याकडे गौरी येतात तेव्हा आता सून त्यांना घरभर फिरवते. स्वयंपाकघर, देवघर, मुलांची खोली. शेवटी आम्ही एक ठिकाण वाढवले आहे. तिच्यामागून मी जातो आणि गौरीला जिना चढून गच्ची दाखवून आणतो. गुडघे कुरकुरतात, पण ती फेरी मी चुकवत नाही. शेजारचे कानडी कुटुंब सुरुवातीला हसले. गेल्या वर्षी त्यांच्या आजींनी त्यांची गौर वर आणली होती.

यंदा कुणाकुणाचे पाहुणे येणार आहेत त्यांनी मंडपात जरूर आणावे, आरतीला उभे करावे, प्रसाद घ्यावा. आणि जमल्यास आज संध्याकाळीच, पाऊस नसेल तर, एकदा वर जाऊन बघावे.

गणपती बाप्पा मोरया!